अंगावरून वारं

सिन्योरा ऑर्सोलाचा डावा हात
मी रोज सकाळी कोमट पाण्यात उघडते,
एकेक बोट,
पोराच्या मुठीतून चिल्लर सोडवावी तसं.
बारी शहर, तिसरा मजला. समुद्र दिसतो.
तिच्या मुलानं फ्रीजवर कागद चिकटवलाय :
चेहरा वाकडा, हात लुळा, शब्द अडखळले
तर थांबायचं नाही, फोन करायचा.
गाडी आठ मिनिटांत येते. एकदा आली होती.

आईशी मी रविवारी बोलते.
ती विदिनच्या बाहेर, डॅन्यूबच्या काठाला.
टायरचा कारखाना बंद पडला तेव्हापासून
परक्यांचे कोट शिवते, नगावर.
काजाला इतके, बाहीला तितके,
बिघडलं तर वजा.
चार खोल्यांतल्या एकीतच शेगडी पेटते.
बाकी तीन ती ऑक्टोबरातच बंद करते,
दारांखाली बाबांचे स्वेटर कोंबून.

गोळीचं मला ठाऊक होतं.
रक्तदाबाची, पांढरी, मधोमध रेघ असलेली.
"मग रेघ कशाला देतात?" म्हणायची,
आणि पावाच्या सुरीनं एका दिवसाचे दोन करायची.
मी पैसे पाठवायचे. ती लाकूड घ्यायची,
उरलेले डब्यात, माझ्या लग्नासाठी.
आई, मी एकेचाळीसची आहे.
असू दे गं. डब्याला कुठे कळतंय.

त्या रविवारी तिचा चेहरा पडद्यावर थिजला.
ओठाचा एक कोपरा खाली, डोळा अर्धा मिटलेला.
"नेटवर्क गेलंय आई, खिडकीशी ये."
ती काहीतरी म्हणाली,
ओल्या लोकरीतून आल्यासारखं.
मी फोन हलवला. बंद केला, परत लावला.
फ्रीजवरचा कागद माझ्या पाठीमागेच होता.
मग दिसलं तिच्या मागचं भिंतीवरचं घड्याळ :
सेकंदकाटा नीट चालला होता.

"अंगावरून वारं गेलं गं दोन्काच्या,"
शेजारची पेना फोनवर रडत होती.
गाडी यायला एक तास दहा मिनिटं.
त्या रात्री दोनच होत्या, एक बर्फात रुतलेली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं मलाच विचारलं :
सिगारेट? नाही.
मीठ? हिवाळाभर खारवलेली कोबी, दुसरं काय असतं.
घरात आणखी कुणाला? आजोबांना.
मी फोन कानाला लावून थांबले,
पुढचा प्रश्न येईल म्हणून.
कागदावर पुढची ओळच नव्हती.
त्याचा दोष नाही. दोन वॉर्डांना तो एकटा,
आणि माझी खात्री आहे, त्याच्या खणात
जर्मन व्याकरणाचं पुस्तक आहे.

पेनाला वाटतं, वारं त्या रविवारी आलं, नदीवरून.
मला वाटतं, ते कधीच आत शिरलं होतं,
कारखान्याच्या फाटकाला साखळी पडली त्या सकाळी.
आई एकेक दार लावत मागे सरत गेली,
ते एकेक खोली पुढे.
शेवटच्या खोलीत ती होती, शिलाईयंत्र होतं,
आणि तिचा उजवा हात.

मला चार दिवसांची रजा मिळाली.
पाचव्या दिवशी मी बसमध्ये होते.
आता सिन्योराचा मुलगा मला जे देतो
त्यातलं थोडं मी पेनाला पाठवते,
आणि पेना रोज सकाळी
आईची मूठ कोमट पाण्यात उघडते.
मी तिला फोनवर शिकवलं : अंगठ्यापासून सुरू कर,
ओढू नकोस, बोलत राहा, ती ऐकते.

काल तिला म्हटलं, पेना,
तू दमलेली दिसतेस. जरा उजेडात ये. हस बघू.
ती हसली. दोन्ही कोपरे सारखे.
मग मी तिला तिची गोळी कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली.

अर्धीच होती.